आठ दात, त्रेचाळीस दात

पिकअपच्या मागच्या एक्सलच्या मधोमध एक फुगीर गोळा असतो. चिखलानं माखलेला, तेलकट, जमिनीच्या सगळ्यात जवळ. गाडी घेताना तिथं कोणी वाकून पाहत नाही. बॉनेट उघडायला लावतात, केबिनमध्ये बसून पाहतात, मागची बॉडी किती फुटांची ते विचारतात. पण परतवाड्याहून सिमेंटच्या गोण्या भरून निघालेली गाडी घटांगच्या चढाला दुसऱ्या गिअरवर तग धरते की पहिल्यावर पडते, हे पुष्कळदा त्या गोळ्याच्या पोटात आधीच ठरलेलं असतं.

आत दोघं राहतात. पिनियन मुठीत मावेल एवढा, प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला. क्राउन म्हणजे जेवणाच्या छोट्या ताटाएवढं पोलादी कडं, त्यावर तिरके, वळणदार दात. इंजिनाचं फिरणं गाडीच्या लांबीच्या दिशेनं येतं. ते काटकोनात वळवून चाकांपर्यंत न्यायचं काम या दोघांचं. पिनियन चपळ, क्राउन संथ. पिनियनला आठ दात आणि क्राउनला त्रेचाळीस असतील, तर पिनियनच्या पाच फेऱ्या पुऱ्या होऊन सहावीचा तिसरा हिस्सा उलटला की चाक कुठं एकदा फिरतं. जेवढा वेग कमी होतो तेवढी ओढ वाढते. हा सौदा सरळ आहे आणि त्यात फुकट काही मिळत नाही. इंजिन तेच, त्याची ताकद तीच. तिचा किती भाग वेगाला द्यायचा आणि किती ओढीला, एवढंच ही जोडी ठरवते.

म्हणून जोडी तिच्या दातांच्या आकड्यांनी ओळखली जाते: ११-४७, ८-३९, ८-४३. मोठा आकडा भागिले छोटा. पहिलीचं उत्तर ४.२७, दुसरीचं ४.८८, तिसरीचं ५.३८. उत्तर जितकं मोठं, तितकी गाडी ओढाळ आणि तितकीच मंद.

या आकड्यांमागे शेतीचा इतिहास आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात विलिसची जी जीप रणांगणावर धावली तिच्या एक्सलमध्ये ८-३९ ची जोडी होती. १९४५ मध्ये तीच जीप सीजे-२ए या नावानं शेतकऱ्यांसाठी बाजारात आली, तेव्हा तिला नांगर ओढायचा होता, ट्रेलर ओढायचा होता. पिनियनचे दात आठच राहिले, क्राउनला चार वाढले. ८-४३. चार दातांनी ओढ दहा टक्क्यांनी वाढली. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिसच्या जीपा जोडायला घेतल्या आणि तिथून पुढे त्यांचं कुळ खेड्यापाड्यात पसरलं. आज वऱ्हाडात शेणखत, कापूस, तूर, संत्र्याचे कॅरेट वाहणाऱ्या पुष्कळ पिकअप त्याच घराण्यातल्या. लष्कराची गाडी शेतात आणायची तर आधी तिच्या पोटातली जोडी बदलावी लागते, हे १९४५ मध्येच कळलं होतं.

वऱ्हाडात या जोडीला दोन रस्ते भेटतात आणि दोघांचा स्वभाव एकमेकांच्या अगदी उलटा. एक ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला पट्ट्यात, लोणी ते माना, ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. सपाट, सरळ, लांबच लांब. बडनेरा-मूर्तिजापूर-अकोला असा माल वाहणाऱ्याला लहान उत्तराची, लांब पल्ल्याची जोडीच बरी. दुसरा रस्ता म्हणजे पांदण, शेताकडे जाणारी कच्ची वाट. काळी माती पावसाचं पाणी पिऊन फुगते, टायरांना चिकटते, चाक जड करते. त्यातून भरली गाडी काढायची, किंवा मागं काँक्रीट मिक्सर नाहीतर पाण्याची टाकी जुंपून शेतातल्या विहिरीच्या कामावर न्यायची, तर तिथं ताशी ऐंशीचा वेग कोणाच्या कामाचा? शेतरस्त्यापलीकडे मेळघाट. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आतबाहेर, चिखलदरा हजाराच्या वर. मधला सगळा फरक त्या आठ-दहा दातांच्या पिनियननं पेलायचा.

म्हणून चांगला मिस्त्री लगेच पाने काढत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, “मिस्त्री, गाडी वढत नाई.” तो विचारतो, “कुठी वढत नाई भाऊ? हायवेले का पांदनीत?” या एका प्रश्नात सगळं आलं. वर्षातले बहुतेक दिवस महामार्गावर जाणार असतील तर तो जोडी बदलू देत नाही. आधी क्लच पाहतो, डिझेल फिल्टर पाहतो, टायर मूळ मापापेक्षा मोठे घातले आहेत का ते पाहतो. टायर मोठे घातले की ओढ आपोआप कमी होते. पुष्कळांची तक्रार मूळ मापाचे टायर परत घातले की मिटते, आणि पैसे वाचतात.

जोडी बदलायचीच ठरली तर ते काम पाहण्यासारखं असतं. जुनं नव्वद नंबरचं ऑइल निघतं, त्याला गंधकाचा उग्र वास. या पिनियनची जागा क्राउनच्या मध्यापेक्षा खाली असते, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. साधं तेल त्या दाबात टिकत नाही, म्हणून गंधकाचा आधार. नवे क्राउन-पिनियन कारखान्यातच एकमेकांशी घासून जुळवलेले, दोघांवर एकच क्रमांक कोरलेला. एकाचा दात तुटला तरी दोघांनाही बदलतात. जुन्या क्राउनला नवा पिनियन लावून देतो म्हणणाऱ्या माणसापासून गाडी लांब ठेवावी.

मग शेंदूर निघतो. तेलात कालवलेला शेंदूर मिस्त्री बोटानं क्राउनच्या तीन-चार दातांना लावतो आणि क्राउन हातानं मागं-पुढं फिरवतो. पिनियन जिथं टेकला तिथला शेंदूर पुसला जाऊन दातावर चकचकीत लंबगोल ठसा उमटतो. ठसा दाताच्या माथ्याकडे आला तर पिनियन लांब राहिला. मुळाशी आला तर फार आत घुसला. मग सगळं पुन्हा खोलायचं, पिनियनखालची कागदाएवढी पातळ शिम बदलायची, पुन्हा बांधायचं, पुन्हा शेंदूर. ठसा दाताच्या मधोमध, थोडा आतल्या टोकाकडे हवा. भार पडला की तो आपोआप बाहेर सरकतो. दातादातांमधली मोकळीक डायल गेजवर मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. ती कमी पडली तर जोडी तापून जळते, जास्त झाली तर क्लच सोडताना मागून ‘खट्’ आवाज येतो. या कामात मिस्त्रीचा दिवस मोडतो. त्याची मजुरी लोकांना जास्त वाटते, मला ती रास्त वाटते. घाईत बसवलेली जोडी महिन्याभरात रडायला लागते: ॲक्सिलरेटर दाबला की एका सुरात, सोडला की दुसऱ्या. नुसत्या आवाजावरून दाताची कोणती बाजू खराब झाली ते सांगणारे कान अकोल्या-अमरावतीच्या गॅरेजांत आहेत.

नवी जोडी पहिले काही शे किलोमीटर नाजूक असते. तेवढ्यात मागं काही ओढायचं नाही, लांब दमानं पळवायचं नाही, मध्येमध्ये थांबून गोळा थंड होऊ द्यायचा. मग ऑइल बदलायचं. गाडीची चारही चाकं ओढणारी असतील तर पुढच्या एक्सललाही तीच जोडी हवी, नाहीतर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडून काहीतरी मोडतात. ज्या गाडीची स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते, तिचा काटाही बदलतो. ११-४७ काढून ८-३९ घातली की काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी बावन्न-त्रेपन्ननंच चाललेली असते, आणि शंभर किलोमीटरचे एकशे चौदा मोजले जातात. डिझेलचा हिशेब ठेवणाऱ्यानं हे वहीत लिहून ठेवावं.

ओढ वाढली म्हणून गाडीची पाठ बळकट होत नाही. पाटे तेच, ब्रेक तेच, पासिंगचं वजन तेच. उलट आता चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टवर जास्त पीळ पडतो. इंजिन तक्रार करत नाही म्हणून वर आणखी दहा गोण्या टाकणाऱ्याला उतारावर ब्रेक सांभाळून घेणार नाहीत.

आणि खरं तर मला ही जोडी उतारावरच सगळ्यात जास्त आवडते. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे भरली गाडी उतरते तेव्हा ओझं मागून ढकलतं, चाक क्राउनला फिरवतं, क्राउन पिनियनला आणि पिनियन इंजिनाला. दातांची दुसरी बाजू आता कामाला लागते. इंजिन अडून धरतं, आणि जितकी जोडी ओढाळ तितकं जास्त धरतं. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हा घाटातल्या ड्रायव्हरांचा नियम तिच्याच जोरावर चालतो. ब्रेक तापत नाहीत, वळणासाठी राखून राहतात.

आठ आणि त्रेचाळीस या आकड्यांना कोणताही समान भाग जात नाही. त्यामुळे पिनियनचा एक दात क्राउनच्या ज्या दाताला भेटला, त्याला पुन्हा भेटायला पिनियनला त्रेचाळीस फेऱ्या माराव्या लागतात, चाकाला आठ. म्हणजे रस्त्यावर सतरा-अठरा मीटर. मधल्या वेळात तो बाकीच्या बेचाळीस जणांना भेटून येतो. एखाद्या दातात खोट असली तर ती एकाच्याच माथी बसत नाही, सगळे मिळून झिजतात. चाळीसला दहा अशी जोडी केली असती तर पिनियनचा एकेक दात क्राउनच्या त्याच चार दातांना जन्मभर कुरतडत राहिला असता.

तब्येत पाहायची असेल तर ऑइल बदलताना गोळ्याचा खालचा बोल्ट हातात घ्यावा. बऱ्याच गाड्यांत त्याला चुंबक असतं. त्यावर काळा, मऊ लेप असेल तर झीज नेहमीची आहे; पुसून परत बसवावा. बोटाला टोचणारा कण लागला तर गाडीवर त्या दिवशी माल चढवू नये, गोळा उघडावा.