दोन घरचे पाहुणे

मृगाची पहिली सर कोसळतांच डबक्याडबक्यांतून "डरांव डरांव" सुरू होतें आणि आम्हां विद्यार्थ्यांस बेडकाची आठवण होते. एरवीं तो आमच्या लेखीं थट्टेचा विषय, अथवा बाटलींत बुडालेला एक नमुना. परंतु त्याच्या कुळाचा वृत्तांत मोठा मनोरंजक आहे. तो येथें थोडक्यांत निवेदन करण्याचें आम्ही योजिलें आहे.

जे प्राणी बाल्य पाण्यांत व प्रौढपण जमिनीवर कंठितात, त्यांस उभयचर म्हणतात. कांहीं जाति यास अपवाद आहेत. पण बहुतेकांचा जीवनक्रम असाच असतो. बेडकाचें पिल्लू अंड्यांतून निघतें तेव्हां तें माशासारखें दिसतें व कल्ल्यांनीं श्वास घेतें. पुढें त्यास पाय फुटतात, शेपटी जिरून जाते आणि फुप्फुसें कार्य करूं लागतात.

आजमितीस यांच्या ८,००० हून अधिक जाति ज्ञात असून त्यांचे तीन गण मानितात. पहिला बिनशेपटीच्या बेडकांचा. दहांतील जवळजवळ नऊ जाति यांतच मोडतात. दुसरा शेपटीवाल्या सॅलॅमँडरांचा. दिसण्यांत ते पालीसारखे, परंतु अंगावर खवले नसतात. भारतांत ते हिमालयाच्या पूर्वभागीं, दार्जिलिंगकडे आढळतात. तिसरा गण देवगांडुळांचा. यांस पाय मुळींच नसतात, डोळे अगदीं बारीक, आणि अंगावर गांडुळासारखीं वलयें. हा प्राणी आपल्या सह्याद्रींतही ओल्या मातीखालीं राहतो. पावसांत तो वर आला म्हणजे लोक सापाचें पोर समजून त्यास दगडानें ठेंचतात. वास्तविक मनुष्यास त्याजपासून कांहींच भय नाहीं.

'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण या प्राण्यांस चांगलीच लागू पडते. डबकें बुजलें तर संतति गेली, रान तुटलें तर आसरा गेला. त्यांची त्वचा पातळ व ओलसर. तिच्यांतूनच ते पाणी शोषितात व श्वासही घेतात. त्यामुळें पाण्यांत मिसळलेलें विष सहज त्यांच्या अंगांत भिनतें. शिवाय त्वचेस जडणाऱ्या एका बुरशीनें कित्येक देशांत त्यांचा संहार केला आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीप्रमाणें सुमारें ४१ टक्के जाति विनाशाच्या छायेंत आहेत.

बेडूक शेतांतील किडे खाऊन आपणांस साह्यच करितो. एके काळीं भारतांतून बेडकांचे पाय परदेशीं पाठविले जात. १९८७ सालीं सरकारनें ती निर्यात बंद केली. सरकारनें आपलें काम केलें. आपलें काम त्याहून सोपें आहे: पावसाळ्यांत अंगणांत असा पाहुणा आला, तर हातचा दगड खालीं ठेवावा आणि त्यास वाट द्यावी.