सुटलेल्या पट्टीची नोंद

स्वरलिपी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली मिडी फाइल बिघडली आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुतेक वेळा फाइल मोडलेली नसते. तिच्यात लिहिलेले इमानाने वाजत असते, पण ते कागदावरच्या स्वरलिपीशी जुळत नसते. कागदावर स्वराची लांबी त्याच्या चिन्हातच सामावलेली असते. १९८३ साली वाद्ये एकमेकांना जोडण्यासाठी आलेल्या मिडीत मात्र लांबीची नोंदच नाही. तेथे पट्टी दाबल्याचा ‘नोट ऑन’ आणि ती सोडल्याचा ‘नोट ऑफ’ असे दोन सुटे संदेश असतात, आणि त्यांच्यातले अंतर ‘टिक’ या बारीक कालमापाने मोजले जाते. एका क्वार्टर नोटचे किती टिक धरायचे, हे फाइलच्या आरंभी नोंदलेले असते. ४८० हा त्यांतला नेहमीचा आकडा.

वृंदगानाच्या रचनेत सोप्रानो आणि आल्टो हे दोन आवाज एकाच स्टाफवर लिहिलेले असले आणि दोघे क्षणभर एकाच स्वरावर, समजा ६७ क्रमांकाच्या स्वरावर, एकत्र आले, तर या सुटेपणाचा खरा त्रास सुरू होतो. सोप्रानोचा स्वर ९६० टिकांचा आणि आल्टोचा ४८० टिकांचा असेल, आणि दोन्ही एकाच चॅनलवर गेले असतील, तर ४८०व्या टिकला आलेला ‘ऑफ’ कोणाचा हे त्या संदेशात कोठेही लिहिलेले नसल्यामुळे बहुतेक वाद्ये तो स्वर तेथेच थांबवतात आणि सोप्रानो अर्ध्यावर तुटते. याहून फसवा प्रकार म्हणजे ९६०व्या टिकला आल्टोने तोच स्वर पुन्हा घ्यावा आणि त्याच टिकवर नवा ‘ऑन’ आधी व जुना ‘ऑफ’ नंतर लिहिला जावा; मग नवा स्वर जन्मताच मरतो, आणि ऐकणाऱ्याला तो लिहायचाच राहिला असे वाटते. असा दोष नुसत्या कानाने शोधत बसण्यापेक्षा सर्व संदेश टिकांच्या क्रमाने दाखवणारी यादी उघडून तेवढ्या चार ओळी वाचाव्यात, हेच श्रेयस्कर.

मात्र ती यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: आघाताचा जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, शून्य असलेला ‘ऑन’ हा ‘ऑफ’च मानला जातो. त्यामुळे आवाज हळूहळू विरत जाण्याची खूण सॉफ्टवेअरने शून्यापर्यंत नेली, तर शेवटचा स्वर मंद न होता नाहीसाच होतो.

एकाच स्वरावर येणाऱ्या आवाजांना वेगवेगळे चॅनल देणे हा पहिल्या दोषावरचा सरळ उपाय. पण चॅनल १६च असतात आणि जनरल मिडीच्या संकेतानुसार १०वा तालवाद्यांसाठी राखीव असल्याने बासरी चुकून तेथे गेली तर ड्रम वाजू लागतात. दुरुस्ती शक्यतो मूळ स्वरलिपीतच करावी. काढलेल्या फाइलमध्ये हाताने केलेली डागडुजी पुढच्या एक्स्पोर्टबरोबर पुसली जाते आणि तेच कष्ट पुन्हा उपसावे लागतात.

भावगीतातली मींड उतरवताना हीच दक्षता वेगळ्या रूपाने लागते. स्वर वाकवणारा पिच बेंडचा संदेश एका स्वराला नव्हे, तर सबंध चॅनलला लागू होतो. म्हणून मींड संपली की त्याचे मूल्य ८१९२ या मध्यबिंदूवर परत आणल्याची नोंद यादीत आहे की नाही, हे पाहावे लागते. ती नसेल, तर पुढची सगळी ओळ बेसूर वाजते.