भाऊबीजेचा डोंगा

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून कुरखेड्याला आला, तो थायलंडची नदी बरोबर घेऊनच. बँकॉकपासून अयुथ्थयेपर्यंत चाओ फ्राया नदीतून तीन दिवसांचा प्रवास त्याने नुकताच केला होता. एके काळी भात वाहणारी सागवानी नाव, तिच्यात आता पाहुण्यांसाठी खोल्या. वाटेत देवळे, राजवाडे आणि संध्याकाळी अर्धा तास नाच. मोबाइलमधली सारी छायाचित्रे दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "काका, आपल्याकडे भात आहे, साग आहे, नदीही आहे. मग असं काही का नाही?"

मराठीच्या प्राध्यापकाचा अभिमान दुखावायला एवढे पुरते. मी म्हटले, "आहे! बोट नाही, डोंगा आहे. तीन दिवस चल माझ्याबरोबर."

भाऊबीज दोन दिवसांवर आली होती. माझ्या आईचे माहेर वैनगंगेच्या पलीकडे, ब्रह्मपुरी तालुक्यात, अगदी काठावर. दर वर्षी आम्ही जीपने पुलावरून जातो. या खेपेला मी ठरवून टाकले की, नवरी होऊन आई ज्या वाटेने आली त्याच वाटेने, डोंग्यातून, तिला माहेरी न्यायचे. आई एवढेच म्हणाली, "पुलानं गेलो असतो." म्हातारपणी माणूस पाण्याला भितो, अशी मी माझी समजूत घातली.

आमच्या कुरखेड्याजवळून सती नदी वाहते. तिचे पाणी शेवटी वैनगंगेलाच मिळते. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावी. पुढे चपराळ्याला वर्धा तिला भेटते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीच्या कुशीत शिरते. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोवर जिल्ह्याच्या पोटातून वाहणारी ही नदी त्या दिवसापासून दोन जिल्ह्यांची शीव झाली. आईचे सासर एका जिल्ह्यात राहिले, माहेर दुसऱ्यात गेले.

जीप पुलाकडून वळसा घालून पलीकडे पाठवली आणि आम्ही तिघे काठावर उतरलो. डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली लांबट कोठीच जणू. बसताना माणूस हलला की तीही हलते. "बसा जी बाई, हालू नका," ढिवरदादा म्हणाले आणि बांबूने त्यांनी काठ दूर लोटला. पुतण्याने हळूच विचारले, "काका, लाइफ जॅकेट?" मी ऐकले न ऐकलेसे केले.

नदीच्या मध्यावर माझ्यातला अध्यापक जागा झाला. मी सांगू लागलो, की एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या मनात वऱ्हाडचा कापूस गोदावरी-प्राणहितेच्या वाटेने आगबोटींतून थेट पूर्व समुद्राला न्यायचे होते. सर आर्थर कॉटन यांचा त्यासाठी मोठा आग्रह. पण वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर! अफाट पैसा ओतल्यावर १८७१ साली सरकारने तो नाद सोडला. "तसे झाले असते तर आपल्याकडेही बोटी फिरल्या असत्या!"

ढिवरदादा ऐकत होते. ते म्हणाले, "आता डोंग्यात पाहुने नाही बसत जी. मजुरीले जानाऱ्या बाया बसतात. मिरच्या तोडाले पल्ल्याड जातात." मग कोणीच बोलले नाही. चामोर्शी तालुक्यात २०२४ च्या जानेवारीत अशाच मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा याच वैनगंगेत उलटला होता. त्यांतल्या काही परतल्या नाहीत. आईने डोंग्याची कड घट्ट धरली होती. तिचे डोळे मिटलेले होते.

मामा दारातच उभे होते. ओवाळणे झाले, ताटात पैसे पडले आणि आम्ही कसे आलो हे कळताच मामांनी मला पडवीत बोलावले. "एवढा शिकलास आणि आईला डोंग्यात घालून आणलंस? आमचे बाबा गेले तेव्हा श्रावण होता, नदीला पूर. दुखण्याचा सांगावा गेला म्हणून ही आली, पण पल्ल्याडच अडकली. दोन दिवस डोंगा सुटेना. बाबांच्या चितेचा धूर हिनं त्या काठावरून पाहिला."

पंचेचाळीस वर्षांत आईने हे मला कधी सांगितले नव्हते. मी मात्र तिच्या त्या नदीतून सहल काढली होती!

दुसऱ्या दिवशी गावची मंडई होती आणि रात्री नाटक. झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि वडशाच्या मंडळ्या गावोगाव निघतात. आमच्याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. पाटीवर रात्री दहाची वेळ होती, पडदा बाराला उघडला. सारे गाव तिकिटे काढून, घोंगड्या घेऊन बसलेले. पुतण्याने दोनच्या सुमारास विचारले, "संपणार कधी?" शेजारचे आजोबा म्हणाले, "उजाडलं की." पहाटे विनोदी नटाने गावच्या रस्त्यावरच कोटी केली, तेव्हा सर्वांत मोठ्याने पुतण्याच हसत होता. चहा पिताना तो म्हणाला, "तिकडचा नाच सुंदर होता, पण तो आम्हा पाहुण्यांसाठी होता. हे लोक आपलं आपण पाहतात."

तिसऱ्या दिवशी जीपने परत निघालो. पुलाच्या मध्यावर आईने गाडी थांबवायला लावली. नदीत एक नाणे टाकले, हात जोडले आणि मग पुलाच्या कठड्यावरून, घरातल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा, हात फिरवला.

आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी करीत दुपारी मार्कंड्याला पोचलो. इथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. काठावर मार्कंडेश्वराची जुनी शिवमंदिरे. भिंतींवर देव, अप्सरा, हत्ती यांची दाटी. पुतण्या नेटाने छायाचित्रे घेत होता. कनिंगहॅमसाहेबाने १८७३-७४ च्या दौऱ्यात या देवळांची नोंद केली, हे मी त्याला सांगितले. पण या वेळी थोडक्यात.

आई पाण्यात पाय सोडून बसली होती. पुतण्या तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "आजी, इथे तशी बोट सुरू केली तर?"

"कर की, बाबू," आई म्हणाली. "पण आधी त्या मिरचीवाल्या बायांना नीट पल्ल्याड ने. मग पाहुने आन."

या दिवाळीतही तो येणार आहे. भाऊबीजेला मामांकडे आम्ही पुलावरूनच जाऊ.