पाठीवरचा हात

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील मोंढ्यात हमाली करतात, आईला सहीपुरते लिहिता येते. बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला हे शब्द आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. शाळेतील एका बाईंनी मला बरोबर नेऊन सारे करून दिले. त्या नसत्या तर मी आज या अंकात लिहीत नसते. माणूस हुशारीवर पुढे जातो असे म्हणतात. पण हुशारीला वाट दाखवणारे कुणीतरी लागतेच.

याचे मोठे उदाहरण आपल्याच शहरात आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. तिचेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. १६१२ चा भडकल दरवाजा त्याचा, डोंगरातले पाणी जमिनीखालून गावात आणणारी नहर-ए-अंबरीही त्याचीच. पण हा माणूस मूळचा इथिओपियाचा. चापू नावाचे ते पोर लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले. बगदादच्या मीर कासिमने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम! त्याच्या पदरी राहून अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. माणसाची खरेदी-विक्री हा अन्यायच. त्याचे गोडवे कुणी गाऊ नयेत. तरीही परक्या मुलखात आलेल्या पोराला काय काय कळत नसते, हे चंगीझखानाइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

भडकल दरवाजाजवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. बाबासाहेबांनाही विद्यार्थिदशेत केळुस्कर गुरुजी भेटले होते, आणि १९१३ साली ते अमेरिकेस गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. येता-जाता मला ते दोघे शेजारी वाटतात.

आता जे सांगायचे ते जवळचे आहे. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत सुदानहून शिकायला आलेली एक मुलगी भाड्याने राहू लागली. ती दिसली की पोरे मागून 'हबशी, हबशी' म्हणून ओरडत. तो शब्द माझ्या ओळखीचा होता. मी रंगाने काळी, म्हणून नात्यातल्या बायका मलाही लाडाने म्हणा, टोमण्याने म्हणा, 'हबशीण' म्हणत. अरबीत इथिओपियाकडच्या मुलखाला 'हबश' म्हणतात, तिथला तो हबशी, एवढाच त्याचा अर्थ. गावाच्या नावाची शिवी कधी झाली कोण जाणे.

त्या मुलीला ठाऊक नव्हते ते अगदी साधे होते. नळ कोणत्या वारी येतो, रिक्षाला किती द्यायचे, कार्यालयात कोणत्या खिडकीशी उभे राहायचे. आमच्याकडे नळ आठवड्याने येतो. पहिल्याच आठवड्यात तिची खोली कोरडी राहिली. शेजारच्या काकूंनी, भाषा येत नसताना, नुसत्या खुणांनी तिला बोलावले आणि आपल्या नळाची नळी तिच्या ड्रममध्ये सोडली. तेव्हापासून ती काकूंकडे भाकरी थापायला शिकते. मी तिला मराठी शिकवते, ती माझे इंग्रजी सुधारते. माझ्या आईला ती 'आई'च म्हणते, आणि आईही तिला परीक्षेच्या दिवशी हातावर दही-साखर देते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवला म्हणून आपण इथवर आलो. तो हात परत करता येत नाही, पुढे मात्र देता येतो. पुढच्या रविवारी गल्लीतल्या पोरांना घेऊन मी भडकल दरवाजा पाहायला जाणार आहे. तीही येणार आहे. मलिक अंबरची गोष्ट मराठीतून तीच सांगणार म्हणते.