पृच्छना

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि माझी पुतणी पुण्याच्या वसतिगृहातून घरी परतली. वाणिज्य शाखेचे तिचे पहिलेच वर्ष होते. पुढे आमचे दुकान उघडले. महाविद्यालय मात्र मोबाईलवर आले. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, शिक्षण घरबसल्या होत असेल तर वसतिगृहाचा खर्च कशाला? पदवी मिळेल, तोवर स्थळेही पाहता येतील."

माझे आयुष्य बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेलेले. मी कागदावर हिशेब मांडला. बचत स्पष्ट दिसत होती. मी होकार दिला. त्या हिशेबात केवळ खर्चाची बाजू होती, हे आज कबूल करतो.

वर्षभर ती गल्ल्यामागे बसून तासिका ऐकत असे. गिऱ्हाईक आले की आवाज बंद, माल देऊन झाला की पुन्हा सुरू. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची. गुण पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मिळाले. मी पेढे आणायला सांगितले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "काका, वर्षभरात मी एकही शंका विचारली नाही. आणि परीक्षा सोडली तर मलाही कोणी काही विचारले नाही."

त्या संध्याकाळी सामायिकात मन लागेना. आपल्या शास्त्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचनेपाठोपाठ पृच्छना, म्हणजे शंका विचारणे, येते. पडद्यावरून वाचना घरी पोहोचली. पृच्छना वाटेतच राहिली. तिच्यासाठी समोर गुरू लागतो आणि शेजारी वाद घालणारा सहाध्यायी लागतो.

महामारीनंतर उच्च शिक्षणाचा फेरविचार करायचा तर तो येथूनच व्हावा, असे मला वाटते. जे केवळ ऐकायचे, ते घरी ऐकावे. वर्गातील वेळ शंकेसाठी आणि चर्चेसाठी राखावा. नियमांनी वाट मोकळी केलीच आहे. २०२१ पासून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठावरून पूर्ण करता येतात. त्याच वर्षी श्रेयांकांची बँक आली. मिळवलेले श्रेयांक तेथे जमा राहतात आणि थांबलेले शिक्षण पुढे सुरू करता येते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, तर दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही सोय ठेवली आहे.

सोय चांगली आहे. परंतु आपल्या व्यापारी घरांविषयी मला एक भीती वाटते. बाहेर पडण्याचे दार मुलींसाठी आधी उघडले जाईल आणि परतीचे दार त्यांना कोणी दाखवणार नाही. व्यवहाराविना राहिलेले खाते काही काळाने निष्क्रिय होते, हे बँकेत मी अनेकदा पाहिले आहे.

२०२१ च्या अखेरीस महाविद्यालये उघडू लागली, तेव्हा मी बंधूंसमोर माझा हिशेब दुरुस्त केला. दुकानाचे जीएसटीचे काम वर्षभर तीच करत होती. "तिला त्याचा पगार लाव," मी म्हणालो. "घरच्या मुलीला पगार?" "बाहेरच्या माणसाला दिला असतासच ना?" कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला, ते आपल्याच समाजातले. त्या पगारातून वसतिगृहाचा बराचसा खर्च निघाला आणि ती पुण्याला परतली.

तिसऱ्या वर्षी तिचे गुण थोडे घटले. सुटीत घरी आल्यावर मात्र तिने वह्या चाळून वडिलांना विचारले, "बाबा, बुडीत उधारीसाठी आपण तरतूद का करत नाही?" बंधूंनी माझ्याकडे पाहिले. हाच प्रश्न मी नोकरीत असताना कित्येक व्यापाऱ्यांना विचारला होता. स्वतःच्या घरात एकदाही नाही.