आधी गवत, मग गाय

सेंद्रिय कुरणावर जनावरं पाळतो म्हटलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग तुम्ही काय काय वापरत नाही?" युरिया नाही, तणनाशक नाही, पेंडीच्या पोत्यांची रांग नाही. ही यादी चहा निवायच्या आत संपते. घरात खरा खल चालतो तो वेगळ्याच गोष्टीवर: कळप आज कुठे सोडायचा आणि तिथून कधी हलवायचा.

आमची जमीन माण तालुक्यातली. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास गेला की साल बरं म्हणायचं. खाली विहिरीच्या आधाराने ज्वारी-बाजरी, वर मुरमाड उतार, आणि त्या उतारावर खिल्लार गायी आणि दख्खनी मेंढ्या. बाहेरच्याला उतार सगळा सारखाच दिसतो. उकिडवं बसून पाहिलं की त्यातली माणसं, म्हणजे गवतं, वेगळी ओळखू येतात. पवन्या आणि मारवेल भरपूर असेल तर माळाची तब्येत ठीक. चराई वाढली की जनावरं आधी हीच दोन मुळापर्यंत ओरबाडतात, ती मागे हटतात आणि कुसळी पुढे सरकते. तरीही हात आवरला नाही तर कुसळीही विरळ होते आणि बारीक, खरबरीत असं काहीतरी उरतं, ज्याला भुकेली शेळीसुद्धा नुसतं हुंगून सोडते. ही उतरण चार-दोन वर्षांत होते. पुन्हा वर चढायला त्याच्या कितीतरी पट काळ लागतो.

कुसळीला लोक उगाच नावं ठेवतात. कोवळी असताना ती उत्तम चारा आहे. अट एकच, ती गणपती बसायच्या आत खाऊन झाली पाहिजे. एकदा तुरा आला की तिच्या बियांना काळपट, पीळ पडलेली कुसळं येतात. एखादं पिकलेलं कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. ते हळूहळू फिरायला लागतं, पीळ सोडतं. जमिनीत बी रुजवायची तिची ही तऱ्हा. दव पडलं की हाच पीळ मेंढीच्या लोकरीत सुटतो आणि टोकदार बी कातडीत घुसतं. म्हणून पाऊसकाळात मेंढ्यांचा रोजचा रस्ता ठरतो तो कुसळीच्या तुऱ्याकडे बघून.

सगळ्यात कठीण दिवस मात्र पहिल्या पावसानंतरचे. माळ हिरवा दिसायला लागतो, उन्हाळाभर कडबा चघळून कंटाळलेल्या गायी दाव्याला हिसके देतात, कडब्याची गंज तळाला गेलेली असते. सोडाव्यात असं कुणालाही वाटेल. आई सोडू देत नाही. "आजून मुळाचं खातंय त्ये, थांब जरा," म्हणते. शास्त्रही तेच सांगतं. पहिला कोंब मुळांत आणि बुडख्यात साठवलेल्या शिदोरीवर निघतो. तीन-चार पानं फुटून ती स्वतःचं अन्न करू लागली की त्या शिदोरीची भरपाई सुरू होते. त्याआधी तोंड लागलं तर गवत दुसऱ्यांदा उठतं, तिसऱ्यांदा उठतं, पण दर वेळी आखूड मुळावर. म्हणून उन्हाळ्याच्या हिशेबात पंधरवड्याचा जादा कडबा धरून ठेवायचा, तो विकायचा मोह कितीही झाला तरी.

फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या आंद्रे व्वाझँ या शेतकरी-अभ्यासकाने 1957 साली गवताच्या उत्पादकतेवर पुस्तक लिहिलं. खुडलेल्या गवताला पुरती विश्रांती मिळाल्याशिवाय जनावराला त्याचा दुसरा घास घेऊ देऊ नये, हा त्याचा गाभा. मला तो पटतो. त्याचे दिवसांचे आकडे मात्र आमच्या कामाचे नाहीत. नॉर्मंडीतलं गवत वर्षातला बराच काळ वाढत असतं, आमचं दिवाळीनंतर उभ्या उभ्या वाळतं. त्यामुळे आम्ही कॅलेंडर बघत नाही. गवत वीतभर झालं की तुकडा उघडायचा, चार बोटं उरलं की बंद. बंद म्हणजे बंद, पाहुण्याच्या बैलालासुद्धा.

आधी गायी, मागून मेंढ्या हा क्रम. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जीभ गवताभोवती गुंडाळते आणि हिसडा मारून तोडते, त्यामुळे तिला उंच गवत लागतं. मेंढी ओठाने निवडून अगदी जमिनीलगत खुडते. तिच्यावरच बारीक नजर ठेवावी लागते, आणि रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडावं लागतं. वाघर रोज पुढे सरकवली की लेंड्या-मूत सगळ्या रानात सारखं पडतं. धनगरांना आपल्या शेतात मेंढ्या बसवायला शेतकरी धान्य किंवा पैसे देतात, ते याचसाठी.

शेणही तपासावं लागतं. पावसाळ्यात पो काठीने उलटला की खाली भोकं दिसली पाहिजेत, शेणकिड्यांची लगबग दिसली पाहिजे. तेच शेण मुरमात खाली नेतात. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलेल्या जनावराच्या शेणात औषधाचा अंश उतरतो आणि या किड्यांच्या अळ्या मरतात. म्हणून कॅलेंडर बघून जंताचं औषध नाही. आधी दवाखान्यात शेण तपासून आणायचं, गरज असेल त्यालाच औषध, आणि ते जनावर गोठ्यात. आजारी जनावराला औषध नाकारून सेंद्रियपणा मिरवणारे मला मुळीच पटत नाहीत.

पैशाचं विचाराल तर दुधावर घर चालत नाही. खिल्लार दुधाला कमीच, आणि डेअरी 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ बघून भाव ठरवते. गाय पवन्या खाऊन आली की गोणीतलं खाद्य, हे त्या यंत्राला कळत नाही. मिळकत येते ती खोंडांची, मेंढ्यांची आणि खताची. 2014 साली बंद पडलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा वाट मिळाली आणि खरसुंडीच्या बाजारात चांगल्या खोंडाला गिऱ्हाईक परत आलं. शर्यतीच्या जोरावर जात टिकावी हे मला फारसं रुचत नाही, पण टिकली हे खरं.

आता एक विनंती. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी हौशी मंडळी रोपं घेऊन आमच्याकडच्या माळांवर येतात. सरकारी कागदावर हे माळ बहुतेकदा पडीकच असतात, त्यामुळे त्यांचाही फार दोष नाही. खड्डे घ्यायला जेसीबी चालतो, पवन्याचे जुने ठोंब उखडले जातात, आणि उन्हाळ्यात रोपं बहुतेक वाळतात. झाडं लावायची असतील तर बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, आम्ही पाणी घालू. माळावर खड्डा घेण्याआधी एकदा पावसाळ्याच्या अखेरीस या आणि तिथे जनावरं चारणाऱ्याला विचारा, इथे कोणतं गवत आहे.