शिवडीचा गाळ

ओहोटी लागली की शिवडीच्या जेट्टीसमोरचे पाणी मागे सरते आणि दूरवर करडा, चकचकीत चिखल उघडा पडतो. हिवाळा सुरू झाल्यावर येणारे रोहित पक्षी त्यात चोच उलटी बुडवून सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. पलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ पासून उभे आहेत, तर खाडीत जवाहर बेटावर तेलवाहू जहाजे लागतात. दाणाबंदर, मस्जिद बंदर, कॉटन ग्रीन ही नावे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली, त्यांचा मालही याच पाण्यावरून उतरला. पाहुणे पक्षी पाहून परततात. चिखलाकडे कोणाचे लक्ष नसते.

संशोधक मात्र त्याच्यासाठीच येतात. ते चिखलात नळी खोलवर दाबतात, तिच्यातील गाळाच्या चकत्या पाडतात आणि त्या काचेच्या बरणीत ठेवतात. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, कारण तीही खनिज तेलाचीच लेक!

पुढचे काम पेढीवरच्या जुन्या मुनिमाला शोभेल असे आहे: जमा कोणाच्या नावे, हे शोधायचे. झाडांच्या पानांवरील मेणात २७, २९, ३१ अशा विषम संख्येच्या कार्बनसाखळ्यांचे प्राबल्य असते. समुद्री शेवाळात १५ व १७ च्या आखूड साखळ्या अधिक. खनिज तेलात विषम-समाचा हा भेद जवळजवळ उरत नाही. माणसाच्या आतड्यात तयार होणारे कोप्रोस्टॅनॉल सापडले, तर शहराचे सांडपाणी तेथवर पोहोचले असे समजावे. सांडलेले तेल आणि जळालेल्या इंधनाची काजळी यांतील संयुगांचे परस्पर प्रमाणही निराळे असते.

सर्वांत चिवट साक्षीदार म्हणजे होपेन. प्राचीन जीवाणूंच्या पेशीपटलांपासून बनलेली ही संयुगे आजच्या जीवाणूंना सहजी पचत नाहीत. तेलाचा हलका भाग उडून जातो, सरळ साखळ्या जीवाणू फस्त करतात, होपेन उरतात. आणि त्यांची ठेवण तेलक्षेत्रागणिक बदलत असल्याने आखाती तेल व बॉम्बे हायचे तेल यांत फरक करता येतो.

७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशी ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे आदळली व शेकडो टन तेल सांडले. रायगडच्या किनाऱ्यावरील तिवरांची मुळे काळी पडली. त्या वेळी दोषी डोळ्यांसमोर होता. एरवी मचव्यांचे वंगण, जहाजांच्या तळाचे तेलकट पाणी, रस्त्यांवरून पावसाने धुऊन आणलेली घाण असे थेंब थेंब येत राहते. वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही, गाळात नोंद होते.

ही नोंदही निर्धोक नाही. खालच्या थरांत प्राणवायू नसल्याने जुने तेल तेथे वर्षानुवर्षे निपचित पडून राहते. पण जहाजांना खोल पाणी हवे असते, म्हणून बंदराच्या वाटेवरचा गाळ वारंवार उपसावा लागतो. तेव्हा वरचे-खालचे थर एक होतात, आणि वाडवडिलांच्या काळातले तेल आजच्या भरतीच्या पाण्यात पुन्हा ढवळून निघते.